घरी धुतात तशी कोथिंबीर

माझं काम पानं धुण्याचं. कागदावर हुद्दा बराच भारदस्त आहे, पण मुलगी काय करते असं बाबांना कोणी विचारलं, की ते सांगतात, "पानं धुते, वाळवते, कुटते, आणि त्यात काय निघालं ते मोजते." झाशीतल्या एका शेती प्रयोगशाळेत मी तांत्रिक सहायक आहे. शेतातून आणि कुंड्यांमधून तोडलेली पानं माझ्याकडे येतात. ती वाळवून भुकटी करायची, भुकटी ॲसिडमध्ये विरघळवायची, आणि कुठला धातू किती आहे ते यंत्रावर वाचून वहीत उतरवायचं. यंत्र जुनं आहे, पण खोटं बोलत नाही, असं मी नवीन आलेल्यांना सांगत असे. हल्ली सांगत नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आमच्याकडे नॅनो तांब्याचा प्रयोग आला. पिकावर तांबं फवारण्यात नवीन काही नाही. पानांवर ठिपके पडले, बुरशी आली, की मोरचूद आणि चुना कालवून फवारायची पद्धत जुनीच आहे. इकडे मोरचुदाला नीला थोथा म्हणतात. या नव्या औषधात तांब्याचे कण इतके बारीक केलेले असतात की डोळ्यांना सोडाच, साध्या सूक्ष्मदर्शकालाही ते दिसत नाहीत. कण बारीक म्हणून ते पानावर नीट पसरतात आणि जास्त दिवस टिकतात. त्यामुळे थोड्या तांब्यात काम भागतं. कल्पना चांगली होती, अजूनही आहे. आम्हाला एवढंच बघायचं होतं की कोथिंबीर, पुदिना आणि तुळस अशा पानंच खायच्या पिकांवर ते मारलं तर झाडात काय फरक पडतो आणि पानाच्या आत किती तांबं शिरतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, लक्ष्मी तालाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एक बाई कोथिंबीर विकायला बसते. बरुआसागरहून पहिल्या बसने येते. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या जुड्या, पुदिना, थोडी मेथी. मी तिला जिज्जी म्हणते, म्हणजे ताई, आणि ती मला बिन्नू म्हणते. बुंदेलीत धाकट्या बहिणीला बिन्नू म्हणतात. मी पन्नाशीला आले, तरी रस्त्यावर मोठ्याने बिन्नू म्हणणारी ती एकटीच उरली आहे. तिचं बुंदेली मी इथे मराठीतच लिहिते, कारण माझं बुंदेली कानापुरतंच आहे.

त्या हिवाळ्यात तिची कोथिंबीर ठिपक्यांनी खराब झाली होती. गिऱ्हाईक जुडी उचलायचं, उलटून बघायचं आणि परत ठेवायचं. आणि मग एके दिवशी सकाळी बघते तर जुड्या गडद हिरव्या, ताठ, एक पान पिवळं नाही.

"बघ बिन्नू, कैसो नोनो धनिया!" ती म्हणाली. नोनो म्हणजे सुरेख.

खरंच सुरेख होती. मी जुडी हातात घेतली. देठ जिथे फुटतात त्या बेचक्यात निळसर, राखेसारखं काही तरी अडकलेलं होतं. बोटाला लागलं.

"काय मारलंस?"

"नवी दवा आहे. दुकानदाराने दिली. छोटीशी बाटली असते."

पिशवीतून तिने रिकामी बाटली काढून दाखवली. मी चष्मा लावला. लेबलावरची अक्षरं बारीक होती, पण नॅनो आणि तांबं हे दोन शब्द मला दिसले. आमच्या प्रयोगातलंच औषध नव्हतं, पण त्याच जातीचं होतं. पिकांची यादी होती: द्राक्ष, टोमॅटो, बटाटा. कोथिंबिरीचं नाव नव्हतं.

"तुझ्याकडे मशीन आहे ना?" जिज्जी म्हणाली. "बघून सांग की ठीक आहे का. लोक खातात."

तिने स्वतःहून विचारलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं त्यात चूक तिची नव्हती.

मी दोन जुड्या घेतल्या. एक घरी ठेवली, एक डब्याच्या पिशवीतून प्रयोगशाळेत नेली. बाहेरचा नमुना परवानगीशिवाय लावायचा नसतो हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी यंत्र चालूच होतं. प्रयोगातली पानं मी ज्या रीतीने धुवत होते त्याच रीतीने जिज्जीची कोथिंबीर धुतली: आधी नळाखाली, मग पातळ ॲसिडमध्ये बुचकळून, मग शुद्ध पाण्यात दोनदा. वाळवली, विरघळवली, मोजली. आकडा न फवारलेल्या कुंडीतल्या कोथिंबिरीपेक्षा किंचित वर होता. काळजी करावी असं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सांगितलं, "ठीक आहे, जिज्जी. काही नाही निघालं."

तिचा चेहरा खुलला. मला पुदिन्याची एक जुडी तशीच दिली, आणि मीही ती घेतली.

यानंतर दोनेक आठवड्यांनी आमच्याकडे चटणीवरून वाद झाला. घरी मी आणि बाबा, दोघंच. बाबा रेल्वेतून निवृत्त झाले, आई जाऊन बरीच वर्षं झाली, मी लग्न केलं नाही. कवळीमुळे बाबांना चावता येत नाही, त्यामुळे कोथिंबिरीची पातळ चटणी दोन्ही वेळेला लागते, लिंबू पिळलेली. बाहेर ते अस्सल झाशीचं हिंदी बोलतात, पण जेवताना त्यांची मराठी त्यांच्या आईच्या काळची असते.

पहिला घास घेऊन त्यांनी पोळी ताटात ठेवली.

"चटणी कळकली आहे."

"कळकायला ती काय पितळेत केली आहे? स्टीलच्या भांड्यात वाटली, काचेच्या वाडग्यात काढली."

"ते मला माहीत नाही. चव कळकल्याची आहे. तांब्याची पळी चाटल्यासारखी."

मी चाखली. जिभेच्या कडांना काही तरी तुरट, धातूसारखं लागलं आणि राहिलं. मी म्हटलं, लिंबाचं बी वाटलं गेलं असेल. बाबा म्हणाले, बी कडू असतं, तुरट नव्हे. मग म्हणाले, "अगं, आमच्याकडे एकदा पाहुणीने तांब्याच्या घागरीत ताक ठेवलं होतं. दिवसभरात कळकलं. आईने ते झाडालासुद्धा घातलं नाही. पाणी ठेव, काही होत नाही. आंबट ठेवलं की तांबं सुटतं."

आंबट ठेवलं की तांबं सुटतं. मी ताट उचलून मोरीत नेलं आणि तिथेच उभी राहिले.

ॲसिडमध्ये बुचकळल्यावर पानावरचं तांबं सुटतं. म्हणूनच तर आम्ही बुचकळत होतो. पानाच्या आत किती गेलं हे बघायचं, तर बाहेर चिकटलेलं काढून टाकायला हवं. ते सगळं मी रोज मोरीत ओतत होते आणि उरलेलं मोजत होते. जिज्जीने मला पानाच्या आतलं विचारलं नव्हतं. लोक खातात, एवढंच ती म्हणाली होती. लोक कोथिंबीर नळाखाली धरतात, झटकतात आणि चिरतात. फार तर दोन पाण्यांतून काढतात. पानावर चिकटलेलं सगळं तसंच पोटात जातं, आणि पोटात आंबट असतंच.

मी परत येऊन उरलेली चटणी टाकून दिली. बाबांना दही-पोळी कुस्करून दिली. त्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "माझं काम चुकलंय." 

सकाळी मी प्रयोगशाळेतल्या आमच्या डॉक्टरांकडे गेले. प्रयोग त्यांचा होता. माणूस शिस्तीचा, मितभाषी, मला नेहमी 'मॅडम जी' म्हणणारा. मी त्यांना सगळं सांगितलं, बाहेरचा नमुना लावल्याचंही.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं लावायला?" त्यांनी हिंदीत विचारलं. आवाज चढला नव्हता.

"कोणी नाही, सर."

"धुण्याची पद्धत बरोबर आहे. आपला प्रश्न शोषणाचा आहे."

"हो सर. पण तिचा तो प्रश्न नव्हता."

ते थोडा वेळ टेबलावरचे कागद सारखे करत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही त्या बाईला काय सांगितलंत?"

"ठीक आहे, म्हणून सांगितलं."

"हं." पुन्हा कागद. "आणि ती अजून फवारते?"

मला माहीत नव्हतं. दोन आठवड्यांत मी विचारलंच नव्हतं. रोज तिच्याकडून कोथिंबीर घेत होते.

डॉक्टर मला ओरडले असते तर सोपं गेलं असतं. ते उठले, कुंड्यांच्या जाळीघराची किल्ली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "तीन भाग करा. एक अजिबात न धुता. एक आपल्या पद्धतीने. आणि एक घरी धुतात तसं. घरी कसं धुतात ते तुम्हालाच माहीत."

ते तीन-चार दिवस मी प्रयोगशाळेत प्लास्टिकचं टोपलं आणि बादली घेऊन कोथिंबीर धुतली, जशी ओट्यावर धुते तशी. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी हसत होती, "दीदी, टिफिन बना रही हैं क्या?" मीही हसले. पण आकडे यायला लागल्यावर मी त्यांच्याकडेच बघत बसले. न धुतलेल्या पानांवर तांबं सगळ्यात जास्त, ते अपेक्षितच होतं. घरच्या धुण्याने त्यातलं काही गेलं, पण मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच कमी. कण इतके बारीक की पानाच्या खाचांमध्ये बसलेले पाण्याला दाद देत नव्हते. कोथिंबिरीचं पान कातरलेलं असतं. पुदिन्याच्या आणि तुळशीच्या पानांवर बारीक लव असते, तिथे तर आणखीच राहिलं. आमच्या रीतीने, ॲसिडने धुतलेली पानं मात्र तशीच स्वच्छ.

झाडांचंही थोडं सांगते, कारण प्रयोग मुळात त्यासाठी होता. ठरल्या मापाने फवारलेल्या कुंड्यांमध्ये मला डोळ्यांनी काही वेगळं दिसलं नाही. उलट पानं निरोगी होती. माप मुद्दाम वाढवलेल्या कुंड्यांमध्ये पानं तितकीच हिरवी, पण उपटून बघितल्यावर मुळं आखूड. तुळशीच्या त्या पानांना चुरगळल्यावर वास कमी येतो असं मला वाटलं. डॉक्टर म्हणाले, वाटणं लिहिता येत नाही. त्यांचं बरोबर होतं. मी लिहिलं नाही, पण वाटलं हे खरं.

त्या आठवड्यात जिज्जी गल्लीच्या तोंडाशी आली नाही. रविवारी मी बस पकडून बरुआसागरला गेले. घर मला माहीत नव्हतं, पण किल्ल्याखाली उतरून तलावाच्या बाजूला झाशीला कोथिंबीर नेणारी कोण असं विचारल्यावर एका बाईने लगेच दाखवलं. जिज्जी वाफ्यात बसून जुड्या बांधत होती. मला बघून तिला इतका आनंद झाला की मला तिच्याकडे बघवेना. नवऱ्याला तिने हाक मारली, "झाशीची बिन्नू आली आहे, मशीनवाली!" आजूबाजूच्या वाफ्यांतून आणखी दोघं-तिघं आले.

तिथे मला कळलं की माझं 'ठीक आहे' फक्त तिच्यापुरतं राहिलं नव्हतं. तिने ते शेजाऱ्यांना सांगितलं होतं. बाटली आता पाच-सहा घरांमध्ये होती. खोकल्यामुळे बरं वाटत नव्हतं म्हणून ती घरी राहिली होती, पण तिच्या जुड्या तिचा एक शेजारी झाशीला नेत होता.

"कधी मारता?" मी विचारलं.

"ठिपका दिसला की. काल मारली, आज तोडतो आहोत. ताजी दिसते."

"आणि किती?"

तिच्या नवऱ्याने बाटलीचं टोपण दाखवलं. एका पंपाला दोन टोपणं. लेबलाप्रमाणे एक टोपणही पुरतं भरत नव्हतं. "एवढ्याशाने काय होणार?" तो म्हणाला. नीला थोथा ते मुठीने टाकत आले होते. टोपणभर औषधावर त्यांचा विश्वास बसणं कठीणच होतं.

मी वाफ्याच्या बांधावर बसले आणि सांगितलं. मी काय मोजलं, काय मोजायचं राहिलं, आणि आता काय निघालं. माझं हिंदी अशा वेळी अडखळतं. जिज्जी ऐकत होती आणि हातातली जुडी बांधत होती. बांधून झाली तरी ती खाली ठेवत नव्हती.

"पण तू तर म्हणालीस ठीक आहे."

"हो. मी चुकीचं सांगितलं."

"मशीन चुकलं?"

"नाही. मशीनला मी दुसरंच काही तरी विचारलं होतं."

शेजारी, जो तिच्या जुड्या नेत होता, तो म्हणाला, "लोक मरतील का?"

मी म्हटलं, नाही. तांबं शरीराला थोडं लागतंच. चार काड्या कोथिंबिरीने कोणी मरत नाही. पण रोज, लहान मुलांनी, म्हाताऱ्यांनी, आणि आदल्या दिवशी दुप्पट फवारलेली, तर किती दिवसांत काय होतं हे मला माहीत नाही. कोथिंबिरीसाठी ते औषध लिहिलेलंच नाही, म्हणजे कोणी तपासून सांगितलेलं नाही.

"तुला माहीत नव्हतं, तर तेव्हाच म्हणायचं होतंस," जिज्जी म्हणाली. "'माहीत नाही' म्हणाली असतीस तर मी कोणाला सांगितलं नसतं."

तिने मला बिन्नू म्हटलं नाही. मी मान हलवली.

त्यानंतर बराच वेळ आम्ही कामाचंच बोललो. ठिपके का येतात, वाफा किती दाट पेरलाय, पाणी संध्याकाळी देता की सकाळी. पान रात्रभर ओलं राहिलं की बुरशी वाढते, हे तिच्या नवऱ्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण वीज संध्याकाळीच येते, तो तरी काय करणार. विरळ पेरायचं, पाटाने पाणी द्यायचं, पानांवर नाही, इतकं तरी जमेल असं तो म्हणाला. शेजाऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि समोरच त्याचा तयार वाफा कापायला घेतला. सोमवारच्या मंडीसाठी. मी त्याला थांबवलं नाही. कुठल्या तोंडाने थांबवणार?

जिज्जीने आपला तयार वाफा मात्र कापला नाही. बांधलेल्या जुड्या तिने सोडल्या आणि खताच्या खड्ड्यात टाकल्या. उभं पीक बियांसाठी सोडायचं ठरवलं. फुलं येतील, धने होतील. "धन्यांवर येतं का ग ते?" तिने विचारलं. मी म्हटलं, "माहीत नाही. झाले की आण, मोजून सांगते. न धुता मोजते." त्यावर ती पहिल्यांदा थोडी हसली.

दोन महिने ती आमच्या कोपऱ्यावर दिसली नाही. मी भाजी बाजारातून आणली, आणि प्रत्येक जुडीच्या बेचक्यात बोट घालून बघत राहिले. डॉक्टरांनी अहवालात घरच्या धुण्याचा एक वेगळा भाग लिहिला. तो वरच्यांना आवडला की नाही ते मला कळलं नाही. अहवाल पाठवल्यावर त्याचं काय होतं हे आम्हाला सहसा कळत नाही. आमच्या डॉक्टरांनी मात्र नियम केला: पानं खायची असतील तर तिन्ही प्रकारे धुवायची. माझं काम तिप्पट झालं. मी तक्रार केली नाही.

औषधाच्या दुकानातही मी एकदा जाऊन आले. दुकानदार भला माणूस वाटला. कोथिंबीर लेबलावर नाही हे त्याला ठाऊक होतं. "पण मॅडम, कोथिंबिरीसाठी लिहिलेलं काही मागितलं तर मी काय देऊ? शेतकरी रिकामा जात नाही, शेजारच्या दुकानात जातो." मी म्हटलं, निदान तोडण्याच्या आधी किती दिवस थांबायचं ते तरी सांगा. तो म्हणाला, सांगेन. सांगतो की नाही, देव जाणे.

जिज्जी परत आली तेव्हा होळी होऊन गेली होती. जुड्या लहान, पानांवर इथे-तिथे ठिपके. गिऱ्हाइकांना ती आपणहून सांगत होती, "दाग है, दवाई नहीं है." अर्धे लोक पुढे जात होते. काही थांबत होते. मला बघून तिने जागा केली आणि म्हणाली, "बस बिन्नू." आमच्यात इतकंच झालं. माफीबिफी काही नाही.

तिने धने आणले होते, कागदाच्या पुडीत. मोजले. वेगळं काही निघालं नाही, आणि ते सांगताना मी काय मोजलं, कसं मोजलं आणि काय मोजलं नाही, हेही सांगितलं. ती म्हणाली, "बाप रे, एवढं मोठं उत्तर!" पण पूर्ण ऐकून घेतलं.

आता महिन्यातून एखाद्या रविवारी मी बरुआसागरला जाते. तलावाकाठच्या पाच-सहा बायका आपापल्या बाटल्या आणि पुड्या घेऊन जिज्जीच्या अंगणात येतात. अक्षरं बारीक असतात, काही ठिकाणी इंग्रजीच असते. मी मोठ्याने वाचते: कुठल्या पिकासाठी, पंपाला किती, तोडण्याआधी किती दिवस. मोजायला एक काचेचं नळकांडं नेऊन दिलंय, ते जिज्जीच्या कोनाड्यात असतं. सगळ्या ऐकतात असं नाही. एकीने तर तोंडावर सांगितलं, तुमच्या झाशीच्या लोकांना बिनडाग भाजी हवी असते, आधी त्यांना वाचून दाखवा.

गेल्या रविवारी एका तरुण सुनेने पुदिन्याबद्दल विचारलं. नवी बाटली, नवं नाव. आत काय आहे ते लेबलावर धड लिहिलेलं नव्हतं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी बाटली उलटसुलट फिरवली आणि म्हटलं, "मला माहीत नाही. विचारून सांगते, तोवर मारू नका." तिने बाटली परत घेतली, पदराने पुसली आणि पिशवीत ठेवली. जिज्जी चहा गाळत होती. तिने पहिला कप माझ्या हातात दिला आणि पुढच्या बाईला म्हणाली, "दाखव, तुझ्याकडे काय आहे."